ना नांदवणे, ना सोडणे : विवाहातील अधांतरी अवस्था आणि इस्लामची शिकवण

शासकीय अर्जात वैवाहिक स्थितीसाठी ठरावीक रकाने असतात : अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. आपल्या मलकापूरच्या मोहल्ल्यांत आणि नांदुरा, मोताळा, मुक्ताईनगर, भुसावळपर्यंत पसरलेल्या आपल्या सोयरिकींत थोडे लक्ष देऊन पाहिले, तर यांपैकी कोणत्याही रकान्यात नीट न बसणाऱ्या भगिनी दिसतात. त्यांचा निकाह झालेला आहे, तलाक झालेला नाही, पतीही हयात आहे. मात्र वर्षानुवर्षे त्या माहेरी राहतात. पती भेटायला येत नाही, खर्च पाठवत नाही आणि सोडतही नाही. मराठीत अशा स्त्रीसाठी ‘परित्यक्ता’ हा शब्द आहे. बोलीभाषेत तिला निर्दयपणे ‘टाकलेली’ म्हणतात. लोक विचारतात, ‘काय झाले?’ घरचे उत्तर देतात, ‘ना नांदवतो, ना सोडतो.’

वाचकहो, या लेखात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. पती-पत्नीने तलाक न घेता वेगळे राहणे इस्लामला मान्य आहे काय? आणि मान्य असेल, तर त्याची मर्यादा कोणती? हा प्रश्न केवळ मसअल्याचा नाही. एका माणसाला दुसऱ्याचे आयुष्य किती काळ थांबवून ठेवण्याचा अधिकार आहे, हा त्यामागचा नैतिक प्रश्न आहे.

कुरआनने दिलेले नाव

सूरह निसाच्या १२९ व्या आयतीत अनेक पत्नी असलेल्या पुरुषाला उद्देशून आज्ञा आहे की, त्याने एकीकडे संपूर्णपणे झुकून दुसरीला ‘मुअल्लका’प्रमाणे सोडून देऊ नये. मुअल्लका म्हणजे लटकत ठेवलेली, जिचे पाय जमिनीवर नाहीत आणि जिला वरही आधार नाही. आयतीचा संदर्भ बहुपत्नीत्वाचा आहे हे खरे. परंतु ज्या अवस्थेला तिने अन्याय ठरविले, ती अवस्था एकच पत्नी असलेल्या पुरुषाच्या हातूनही तितकीच घडते. मलकापुरात माहेरी बसलेल्या त्या भगिनीसाठी आपल्याला शब्द सापडत नव्हता. अल्लाहच्या ग्रंथात तो चौदा शतकांपासून आहे.

इस्लामपूर्व अरबस्तानात या अन्यायाच्या दोन रीती रूढ होत्या. पहिली अशी की, पती पत्नीजवळ न जाण्याची शपथ घेई आणि त्या शपथेआड तिला वर्षभर, दोन वर्षे ताटकळत ठेवी. दुसरी रीत अशी की, तो तलाक देई, इद्दत संपत आली की परत घेई, पुन्हा तलाक देई, आणि हे चक्र कधी थांबत नसे. माननीय आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार एका पतीने पत्नीला हेच बजावून सांगितले होते की, तो तिला जवळ करणार नाही आणि मोकळीही करणार नाही. त्या स्त्रीची तक्रार प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत पोहोचली आणि सूरह बकराच्या २२९ व्या आयतीने परत घेता येण्याजोग्या तलाकची संख्या दोनवर मर्यादित केली. याच आयतीत पतीपुढे दोन मार्ग ठेवले आहेत : रीतीने सांभाळणे, किंवा भलेपणाने निरोप देणे. तिसरा मार्ग दिलेला नाही. पुढे २३१ व्या आयतीत, त्रास देण्याच्या हेतूने स्त्रियांना अडवून ठेवण्यास स्पष्ट मनाई आहे आणि असे करणारा स्वतःवरच अत्याचार करतो, असे म्हटले आहे.

शपथेच्या रीतीलाही २२६ व्या आयतीने मुदत घातली : चार महिने. या अवधीत पतीने परतावे, अन्यथा संबंध संपवावा. हनफी मतानुसार चार महिने उलटताच एक तलाक-ए-बाइन आपोआप पडतो. इतर इमामांच्या मते न्यायाधीश पतीला दोहोंपैकी एक निवडण्यास भाग पाडतो. मतभेद अंमलबजावणीचा आहे. अनिश्चित काळ लटकवून ठेवता येणार नाही, यावर सर्वांचे एकमत आहे.

प्रेषितांच्या घरातील एक महिना

वेगळे राहणे म्हणजेच पाप, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. स्वतः प्रेषित (स.) यांनी एकदा आपल्या पत्नींपासून एक महिना दूर राहण्याची शपथ घेतली होती. त्या काळात ते वरच्या मजल्यावरील एका खोलीत राहिले. मदीनेत अफवा उठली की त्यांनी तलाक दिला, हजरत उमर (रजि.) यांनी जाऊन विचारले, तेव्हा ते खरे नसल्याचे कळले. २९ दिवस पूर्ण झाल्यावर ते खाली उतरले. तो महिना २९ दिवसांचाच होता.

या प्रसंगातील तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. विलगतेला आधीपासून ठरलेली मुदत होती. विचारणाऱ्याला सरळ उत्तर मिळाले. कोणाला संशयात ठेवले गेले नाही. आणि मुदत संपल्यानंतर, सूरह अहजाबच्या २८ व २९ व्या आयतींनुसार, निवड पत्नींच्या हाती देण्यात आली : त्यांनी सोबत राहावे, किंवा सन्मानाने व काही देऊन निरोप घ्यावा. माननीय आयेशा (रजि.) यांना तर घाई न करता आई-वडिलांचा सल्ला घेण्यास सांगण्यात आले. त्यांनी आणि इतर सर्व पत्नींनी सोबत राहणे पसंत केले. त्या राहिल्या, कारण त्यांनी राहणे निवडले.

माननीय सौदा (रजि.) यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. उतारवयात त्यांनी आपल्या वाट्याचा दिवस माननीय आयेशा (रजि.) यांना स्वेच्छेने दिला आणि विवाहबंधनात राहिल्या. सूरह निसाच्या १२८ व्या आयतीत पती-पत्नीने आपसात तडजोड करण्यास मुभा आहे आणि तडजोडीला उत्तम म्हटले आहे. म्हणजे वय, आजार, मुले किंवा स्वभाव यांमुळे दोघांनी विचारपूर्वक वेगळे राहून निकाह कायम ठेवला, तर शरिअत त्यांना दोष देत नाही. परंतु फिकहच्या विद्वानांनी येथे एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली आहे. पत्नीने सोडलेला हक्क पुढील काळापुरता ती केव्हाही परत मागू शकते, कारण जो हक्क अजून देय झालेला नाही तो कायमचा सोडता येत नाही. तडजोड हा कुलपात बंद केलेला दरवाजा नव्हे.

लटकवून ठेवण्याची कारणे आणि त्यांची उत्तरे

आपल्याकडे ही अवस्था लांबवणारे लोक तीन कारणे पुढे करतात.

पहिले कारण असे की, तलाक अल्लाहला अप्रिय आहे, म्हणून आम्ही तो टाळतो. तलाक अप्रिय आहे, यात शंका नाही. परंतु अप्रिय गोष्ट टाळण्यासाठी निषिद्ध गोष्ट करणे, ही धार्मिकता नव्हे. तलाकची परवानगी आहे. लटकवून ठेवण्यास मनाई आहे. शिवाय सूरह निसाच्या १३० व्या आयतीत असे आश्वासन आहे की, दोघे विभक्त झाले तर अल्लाह आपल्या विशाल कृपेने प्रत्येकाला दुसऱ्यापासून निरपेक्ष करील. १२९ व्या आयतीतील मनाईनंतर लगेच हे आश्वासन यावे, हा योगायोग नाही.

दुसरे कारण मुलांचे सांगितले जाते. मुलांसाठी घर टिकवणे ही मोठी नेकी आहे. परंतु जे घर टिकलेलेच नाही, त्याचे नाव टिकवून मुलांना काय मिळते? वडील खर्च देत नाहीत, भेटत नाहीत, आणि आईला आपल्या आयुष्याचा निर्णय घेता येत नाही. मुलांचा निर्वाह ही पित्याची जबाबदारी आहे. आई कोठे राहते, तिच्याशी त्याचे पटते की नाही, यावर ती अवलंबून नाही.

तिसरे कारण बोलले जात नाही, पण पुष्कळ ठिकाणी तेच खरे असते. तलाक दिला तर उधार ठेवलेला मेहर द्यावा लागतो, दागिने व लग्नातील जिन्नस परत करावे लागतात. पत्नी कंटाळून स्वतःच खुला मागेल आणि मेहर सोडून देईल, अशी वाट पाहिली जाते. सूरह निसाच्या १९ व्या आयतीने नेमकी हीच गोष्ट मना केली आहे : दिलेल्यापैकी काही परत मिळावे म्हणून स्त्रियांना छळू नका. मेहर वाचविण्यासाठी पाच वर्षे गप्प बसलेला पुरुष मशिदीच्या पहिल्या सफमध्ये उभा राहत असेल, तरीही तो ऋणको आहे.

न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. काही ठिकाणी सबळ कारण नसताना पत्नी माहेरी जाऊन बसते, माहेरचे लोक तिला परत पाठवत नाहीत, आणि पती लटकत राहतो. अशा पत्नीचा निर्वाह-खर्चाचा हक्क शरिअतमध्ये स्थगित होतो. मात्र रोख ठरलेला मेहर दिला नसेल, किंवा घरात छळ होत असेल, तर तिचे वेगळे राहणे अवज्ञा ठरत नाही. कोण कोणत्या कारणाने वेगळे राहत आहे, हे तपासल्याशिवाय निवाडा करता येत नाही. म्हणूनच सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत पतीच्या कुटुंबातून एक आणि पत्नीच्या कुटुंबातून एक, असे दोन मध्यस्थ नेमण्याची आज्ञा आहे.

कामासाठी दूर गेलेले पती

मलकापूर मुंबई–हावडा लोहमार्गावर आहे. येथून तरुण मुंबईला, सुरतेला कामासाठी जातात. काही आखाती देशांतही जातात. ही विलगता भाकरीसाठी आहे आणि तिच्यात दोष नाही. तरीही तिला मर्यादा आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आपली कन्या माननीय हफ्सा (रजि.) यांना विचारले होते की, पत्नी पतीविना किती काळ धीर धरू शकते. त्यांनी चार ते सहा महिने सांगितले, आणि त्यानुसार सैनिकांना घरापासून दूर ठेवण्याची मुदत ठरविण्यात आली. त्यांनीच सेनापतींना असाही आदेश पाठविला होता की, पत्नींना मागे ठेवून गेलेल्या पुरुषांनी एकतर खर्च पाठवावा किंवा तलाक द्यावा, आणि तलाक दिल्यास थांबवून ठेवलेल्या काळाचा खर्चही द्यावा. आज दूरध्वनी आहे, पैसे पाठविण्याची साधने हातात आहेत. सहमतीने ठरलेला दूरचा संसार आणि मौन धरून केलेला त्याग यांत फरक करणे अवघड नाही.

लेखी ठरवा

आता व्यवहाराकडे वळू. काही काळ वेगळे राहिल्याने राग शांत होईल, असे दोन्ही कुटुंबांना वाटत असेल, तर तसे अवश्य करावे. पण तोंडी नको. याला दोन भक्कम कारणे आहेत, एक फिकहमधील आणि एक देशाच्या कायद्यातील.

हनफी फिकहनुसार पत्नीचा मागील काळाचा निर्वाह-खर्च पतीवर कर्ज म्हणून उभा राहण्यासाठी तो परस्पर संमतीने किंवा न्यायाधीशाच्या आदेशाने ठरलेला असावा लागतो. काहीच ठरले नसेल, तर गेलेले महिने सामान्यतः मागता येत नाहीत. म्हणजे ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या कुटुंबात नुकसान पत्नीचेच होते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या १४४ व्या कलमानुसार, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम होते, खर्च न देणाऱ्या पतीकडून पत्नी व मुलांना पोटगी मागता येते. यासाठी तलाक झालेला असणे आवश्यक नाही. परंतु याच कलमात असे म्हटले आहे की, पती-पत्नी परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. ही अट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून पंचांसमोर ‘दोघेही राजीखुशीने वेगळे’ एवढेच लिहून अंगठा घेऊ नये. वेगळे राहण्याचे कारण, त्याची मुदत, दरमहाची रक्कम व तिची तारीख, मुलांचे शिक्षण व औषधोपचार, भेटींची व्यवस्था, दागिने व जिन्नस यांची यादी, बाकी मेहरची कबुली, आणि मुदत संपल्यावर कोणत्या दिवशी बसून निर्णय करायचा, हे सर्व लिहावे. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत दोघांकडे असावी. सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार मोफत कायदेशीर साह्य मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

समजूत न पटल्यास

हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात ‘न्यायिक विभक्ती’ नावाची स्वतंत्र तरतूद आहे. विवाह न मोडता न्यायालय वेगळे राहण्याची मुभा देते. शरिअतप्रमाणे झालेल्या निकाहसाठी तसा कायदा नाही. तरीही मार्ग बंद नाहीत.

पोटगीचा अर्ज पत्नी जेथे राहते तेथे करता येतो. माहेरी मलकापुरात असलेल्या स्त्रीला पतीच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद आहे. पतीने दुसरा विवाह केला असेल, तर त्याच्यासोबत न राहण्यास ते योग्य कारण मानले जाते. ठरलेली रक्कम थकल्यास ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, हे विसरू नये. नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी असे ठरविण्यात आले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी आपली मिळकत शपथपत्रावर जाहीर करावी. घरातून बाहेर काढले असेल, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ नुसार राहत्या घरातील निवासाचा हक्कही मागता येतो.

पोटगी मागताच ‘मी हिला केव्हाच तलाक दिला’ असे न्यायालयात सांगणारे पतीही आढळतात. दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ साली स्पष्ट केले की, नुसते लेखी जबाबात तसे म्हणणे पुरेसे नाही; तलाकचे कारण, मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न आणि तलाकचा उच्चार, हे सिद्ध करावे लागते. त्या निकालाचा आधार कुरआनातील मध्यस्थांची तीच आज्ञा होती, जी आपण आपल्या बैठकांत विसरलो.

कायमची सुटका हवी असेल, तर खुला आणि मुबारातचे मार्ग आहेत. साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने पतीच्या चारित्र्यावर किंवा धर्मनिष्ठेवर कोणताही आरोप न करता केवळ त्यांच्यासोबत राहणे शक्य नाही असे सांगितले, तेव्हा मेहरमध्ये मिळालेली बाग परत करवून प्रेषितांनी (स.) त्यांना मोकळे केले. पती ऐकतच नसेल, तर मुस्लिम विवाह विघटन कायदा १९३९ आहे. पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे खर्च न देणे, तीन वर्षे सबळ कारणाविना वैवाहिक कर्तव्ये न पाळणे, क्रूर वागणूक, ही त्यातील काही कारणे आहेत. या कायद्याच्या पाठीमागे उलेमांचे परिश्रम आहेत. बेपत्ता पतीची पत्नी हनफी मतानुसार जवळजवळ आयुष्यभर अडकून पडत असे. १९३० च्या दशकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन्नाजिजा’ या ग्रंथात मालिकी मत स्वीकारून तिच्यासाठी वाट काढली. असहाय स्त्रीसाठी दुसऱ्या मसलकाचे मत घेण्याइतके त्यांचे मन मोठे होते. दारुल कजा जवळ असेल तर तेथेही जावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितल्याप्रमाणे तिचा निर्णय सक्तीने लादता येत नाही, परंतु दोघांनी स्वेच्छेने मानण्यास अडचण नाही.

जमाअतची जबाबदारी

२०१९ च्या कायद्याने एका दमात तीन तलाक उच्चारणे अवैध व दंडनीय ठरले. पण एकही शब्द न उच्चारता पत्नीला माहेरी सोडून देणाऱ्याचे काय? त्याने तोंडाने काहीच म्हटले नाही, म्हणून तो समाजात मान ताठ ठेवून फिरतो. अशा माणसाला पोटगीच्या आदेशाने खर्च द्यायला लावता येईल; त्याला लाज मात्र आपणच वाटायला लावू शकतो.

आपण आजवर काय करत आलो? माहेरी बसलेल्या मुलीला सबर करण्याचा उपदेश देतो. सबर ही मोठी नेकी आहे. परंतु अन्याय सहन करणाऱ्याला उपदेश आणि करणाऱ्याला दावतीचे निमंत्रण, हा सबर नव्हे, पक्षपात आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार समंजस व निःस्वार्थ माणसे असावीत, त्यांत स्त्रियाही असाव्यात, आणि एखादे जोडपे चार महिन्यांहून अधिक काळ न बोलता वेगळे राहत असल्याचे कळताच त्यांनी दोन्ही घरी जावे. प्रश्न एकच विचारावा : नांदवायचे आहे की सोडायचे? उत्तरासाठी तारीख घ्यावी. नांदवायचे असेल तर समेट घडवावा. सोडायचे असेल तर मेहर, जिन्नस आणि मुलांचा खर्च यांसह भलेपणाने निरोप घडवून आणावा.

वाचकहो, आपल्या कुटुंबात, आपल्या भावाच्या किंवा मुलाच्या हातून कोणी असे लटकत असेल, तर ही बैठक आपल्याच घरापासून सुरू करावी. निकाहच्या वेळी साक्षीदार म्हणून, वकील म्हणून, वलीमाचे पाहुणे म्हणून आपण सगळे हजर होतो. त्या घरातील मौनाच्या वेळी गैरहजर राहण्याची मुभा आपल्याला कोणी दिलेली नाही. अल्लाह आपणा सर्वांना न्यायाने नांदण्याची आणि वेळ आलीच तर भलेपणाने विलग होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.